अगाथा ख्रिस्तीला विषांची इतकी अचूक माहिती कुठून मिळाली?

रुग्णालयाच्या औषध विभागात केलेल्या नोकरीतून. पहिल्या महायुद्धात बाई इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या रेडक्रॉस रुग्णालयात आधी परिचारिका होत्या, मग औषधं बनवायच्या कामाला लागल्या आणि १९१७ मध्ये त्याची रीतसर परीक्षाही पास झाल्या. १९२० च्या पहिल्याच कादंबरीत हे ज्ञान कामी आलंय: स्ट्रिक्नीन हे विष किंचित असलेल्या टॉनिकमध्ये ब्रोमाइड (झोपेचं औषध) पडलं की विष हळूहळू तळाशी बसतं आणि बाटलीतला शेवटचा डोस जीव घेतो. (रहस्य फोडलं खरं, पण पुस्तक शंभरी ओलांडलेलं आहे!) दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये त्यांनी पुन्हा हेच काम केलं. मात्र त्यांच्या ६६ रहस्यकादंबऱ्यांत सगळेच खून विषानं होत नाहीत. सुरे-पिस्तुलंही भरपूर आहेत.