‘समाधान’ मानणे आणि समाधान असणे

एका वाचकाने असे विचारले आहे की, हिंदीत ‘समस्या का समाधान’ म्हणजे तोडगा किंवा उत्तर, मग त्याच शब्दाला मराठीत ‘आहे त्यात भागवून घेणे’ असा पडखाऊ अर्थ कसा आला, आणि ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान’ या तुकोबांच्या अभंगामुळे तो रूढ झाला का?

हिंदीतला अर्थ मराठीला परका नाही. ‘शंकासमाधान’ या शब्दात तो शाबूत आहे आणि ‘तुमच्या उत्तराने माझे समाधान झाले नाही’ या वाक्यातही तोच आहे. सम् आणि आ हे उपसर्ग आणि ‘धा’, म्हणजे ठेवणे, हा धातू मिळून हा शब्द झाला. नीट एकत्र ठेवणे, जागच्या जागी बसवणे, असा त्याचा मूळ आशय. शंका मिटली की विचार जागेवर बसतो आणि धावाधाव थांबली की मन जागेवर बसते. हिंदीने पहिल्या अर्थावर भर दिला, मराठीने दुसऱ्यावर.

मग पडखाऊपणा आला कुठून? माझ्या मते तो नामात नाही, क्रियापदात आहे. ‘अंतिम सामन्यात हरल्याने रौप्यपदकावर समाधान मानावे लागले’ हे क्रीडावृत्तातले ठरलेले वाक्य पाहा. येथे ‘मानावे लागले’ या शब्दांनीच सांगितले आहे की समाधान झालेले नाही. उलट समाधान वाटते, होते, मिळते किंवा असते, तेव्हा त्यात सक्तीचा मागमूसही नसतो. माझी आजी जुन्या लुगड्यांचे तुकडे अंथरून त्यांवर धावदोरा घालत गोधडी शिवायची. शेवटचा टाका घालून दोरा दाताने तोडला की ती गोधडीवरून एकदा तळहात फिरवायची आणि म्हणायची, “आता समाधान वाटलं.” त्या उद्गारात कशावरही पाणी सोडल्याची भावना नव्हती, विस्कळीत तुकडे नीट बसल्याची होती, आणि शब्दाच्या व्युत्पत्तीचा याहून चांगला दाखला मला कोणत्याही कोशात सापडलेला नाही.

याच ‘धा’ धातूपासून ‘श्रद्धा’ हा शब्दही आला आहे. परंपरेने ‘श्रत्’चा अर्थ सत्य असा दिला जातो, तौलनिक भाषाशास्त्र लॅटिनमधल्या ‘क्रेदो’शी त्याचे नाते जोडते आणि ‘हृदय ठेवणे’ असा अर्थ लावते. वेदान्तातल्या शमादी सहा साधनांच्या यादीत श्रद्धा आणि समाधान शेजारीशेजारी येतात, मात्र तेथे समाधान म्हणजे चित्ताची एकाग्रता. मला विशेष वाटते ते आपल्या बोलीचे. आपण श्रद्धा ‘ठेवतो’, विश्वास ‘ठेवतो’, देवावर हवाला ‘ठेवतो’. ‘ठेवणे’ हे क्रियापद ‘धा’पासून आलेले नसूनही संस्कृत धातूचा अर्थ नकळत पुन्हा उच्चारला जातो.

आता अभंग. त्याची सुरुवातही ‘ठेविले’ या शब्दानेच होते, आणि समाधानाविषयी तुकोबा ‘मानावे’ असे म्हणत नाहीत, ‘असो द्यावे’ असे म्हणतात. हे सांगणारा माणूस वाणसामानाचे दुकान चालवणारा संसारी होता, आणि 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्याचा व्यापार बुडाला होता, पहिली बायको अन्नावाचून गेली होती. त्यामुळे हा उपदेश सुखवस्तू माणसाने दुसऱ्याला केलेला नाही, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्याला निष्क्रियतेचा दोष देऊ नये. शिवाय अभंग पहिल्या चरणापाशी थांबत नाही, जरी आपण बहुधा तेवढाच म्हणतो. पुढे ‘वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ’ असे येते आणि शेवटी ‘वाहू हा संसार देवापायी’. ‘वाहणे’ हे एकच क्रियापद दोनदा आले आहे. ओझे वाहतात तसा उद्वेग वाहिला तर हाती दुःखच लागते. आणि रोजच्या पूजेत फूल वाहतात तसा, माझ्या वाचनात, तुकोबा संसार वाहतात. संसार दोन्हीकडे तोच आहे, दुकान, देणी, मुलेबाळे यांच्यासह.