वाचकांचे प्रश्न : उसने दिलेले मनगट

प्रश्न : माझे वय 47 आहे. गेले आठ महिने मी आमच्या विभागातील एका छोट्या क्लबमध्ये आयकिडो ही जपानी युद्धकला शिकते आहे. वर्गाआधी संस्थापकांच्या तसबिरीपुढे वाकणे, ज्येष्ठतेच्या क्रमाने ओळीत बसणे, गाद्या झाडणे हे सारे मी मनापासून करते. पण एक ज्येष्ठ सभासद सरावात मनगट असे पिळतात, की दुसऱ्या दिवशी पेला उचलताना कळ येते. हळू घ्या म्हटले, तर ‘सोसायला शिकणे हीच इथली परंपरा’ असे ते सांगतात. ही खरोखर परंपरा आहे का? आणि असेल, तर त्या वाकण्या-झाडण्याला काय अर्थ उरतो?

उत्तर : आधी मनगटाचे बोलू. ते दुखायचे थांबेपर्यंत सरावात त्यावर कोणालाही पकड घेऊ देऊ नका, आणि काही दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवून घ्या.

तुमच्या वर्णनावरून ती ‘निक्यो’ची पकड असावी. तिच्यात कोपर वाकलेले असते आणि मनगट आतल्या बाजूला पिळून खाली दाबले जाते. कोन नेमका साधला, की जोर फारसा लागतच नाही. बोटभर हालचालीने धडधाकट माणूस गुडघ्यावर येतो. म्हणूनच पकड घट्ट होताच मोकळ्या हाताने गादीवर किंवा आपल्या मांडीवर थाप मारायची आणि थाप ऐकताच समोरच्याने सोडायचे, हा नियम पहिल्या दिवशी शिकवला जातो. थाप मारायला कळ असह्य होण्याची वाट पाहू नका. थापेनंतरही जो दाबत राहतो, त्याने कितीही वर्षे सराव केलेला असो, त्याचा हा पहिला धडा कच्चा आहे.

आयकिडोतल्या जोडीच्या सरावाची रीत आठवून पाहा. एक जण हल्ला करतो आणि शेवटी पडतो, तो ‘उके’. दुसरा तंत्र करतो, तो ‘नागे’. बहुतेक ठिकाणी डाव्या-उजव्या बाजूंनी मिळून चार वेळा करून भूमिका बदलतात. त्या चार वेळांपुरते उकेने आपले शरीर शिकण्यासाठी दुसऱ्याला उसने दिलेले असते, आणि पुढच्या चार वेळांत तो उसनवारी फेडून घेतो. सरावाआधी ‘ओनेगाइ शिमासु’ म्हणजे ‘कृपा असू द्यावी’ अशा अर्थाची विनंती आणि नंतर आभार, हे शब्द याच देवाणघेवाणीचे आहेत. उसने घेतलेले भांडे पोचे पाडून परत करीत नाहीत. मनगटाचेही तसेच आहे.

परंपरेचा दाखला द्यायचाच, तर तो नीट पाहून द्यावा. संस्थापक मोरिहेइ उएशिबा (1883–1969) यांनी 1915 पासून सोकाकु ताकेदा यांच्याकडे दाइतो-र्यू ही कुस्तीच्या जातीची, सांधे अडकवणारी कला शिकून घेतली. पुढे ओमोतो पंथाच्या सहवासात त्यांची दृष्टी बदलत गेली आणि ‘आयकिडो’ हे नाव तर 1942 मध्ये रूढ झाले. त्यांच्या कामाची दिशाच मुळी जखमी करण्याकडून आवरण्याकडे अशी राहिली. तेव्हा मनगट मोडेपर्यंत सोसणे ही त्यांची शिकवण आहे, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. शिवाय आयकिकाइ या मुख्य परंपरेत स्पर्धा नसतात. (केन्जी तोमिकी यांनी स्पर्धेची जोड दिलेली शाखा वेगळी.) जिथे पंच नाही, गुण नाहीत, तिथे जोडीदाराचा विश्वास हीच कसोटी असते, आणि वाकण्या-झाडण्याचे मोल इथेच आहे.

गाद्या झाडण्याचेच घ्या. विणीच्या दिशेने, शांतपणे झाडू फिरवताना एखादा खडा किंवा तुटलेले नख हाती लागते. तो खडा राहिला असता, तर थोड्या वेळाने पुढे लोळण घेऊन पडणाऱ्या कोणाच्या तरी गालाला किंवा तळपायाला बोचला असता. झाडणारा बहुधा स्वतःपेक्षा दुसऱ्याच्या पडण्याची काळजी घेत असतो, म्हणूनच ज्येष्ठांनीही झाडू हाती घ्यावा. तसबिरीपुढचे वाकणे ही पूजा नसून अभिवादन आहे. तरीही मनाला पटत नसेल, तर शिक्षकांना आधी सांगून ठेवावे. गुडघे दुखत असतील, तर ‘सेइझा’ऐवजी, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसण्याऐवजी, मांडी घालून बसण्याची परवानगीही मागावी.

आता क्लबबद्दल. त्या गृहस्थांना सरावाच्या आरंभी, चार लोकांसमोर नव्हे, स्पष्ट सांगा : ‘माझे मनगट दुखावले आहे, थाप मारताच सोडावे.’ तरीही फरक पडला नाही, तर शिक्षकांशी एकट्याने बोला. छोट्या क्लबात सर्वांना सर्वांशी जोडी करावी लागते, म्हणून शिक्षकांना हे कळणे तुमच्याइतकेच नवख्यांच्याही हिताचे आहे. तेही ‘सोसा’ म्हणाले, तर विभागातील दुसरा क्लब पाहा. त्यात निष्ठाभंग मुळीच नाही.

प्रश्न : आम्ही विभागातील क्लब मिळून शिबिर करतो. तिथे दुसऱ्या क्लबचे शिक्षक ‘इरिमिनागे’ (हल्लेखोराच्या बाजूने आत शिरून त्याला पाडण्याचे तंत्र) आमच्यापेक्षा निराळे शिकवतात. बरोबर कोणाचे?

उत्तर : दोघांचेही बरोबर असू शकते. उएशिबांचे शिष्य त्यांच्याकडे निरनिराळ्या काळात शिकले. मोरिहिरो साइतो यांनी इवामा येथे घट्ट पकडीपासून आणि लाकडी तलवार-काठीच्या सरावासह जे जपले, ते तोक्योतील मुख्य डोजोच्या, म्हणजे सरावगृहाच्या, वाहत्या हालचालींहून वेगळे दिसते. शिबिरात समोरचे शिक्षक दाखवतील तेच करावे. ‘आमच्याकडे असे करतात’ म्हणत जोडीदाराला मध्येच दुरुस्त करू नये, कारण त्या वेळी तोही त्यांचेच शिकायला आलेला असतो. घरी परतल्यावर दोन्ही रीती आपल्या शिक्षकांना दाखवून विचारा, तुमचे पाऊल नेमके कोणत्या क्षणी उकेच्या मागे जाते. बहुतेक वेळा फरक त्या एका पावलात सापडतो.