गुळाचा हिशेब आणि सूत्रांची झडती

प्रश्न : शाहूपुरीत आमचं गुळाचं अडत दुकान. रव्यांचा, म्हणजे गुळाच्या ढेपांचा हिशेब गूगल शीट्सवर असतो. बेरीज जुळेना, म्हणून सूत्रं तपासणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) क्रोममध्ये घातलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी फाइलची प्रत काढा, झडती तिचीच घ्या. एक्स्टेन्शनला सगळ्या साइट्स वाचायची मुभा असेल तर ती ‘क्लिक केल्यावरच’ एवढी करा. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब आहेत त्यात, राव! एक्स्टेन्शननं केलेल्या खुणा दिसल्या म्हणजे सगळ्या चुकाच, असं नाही. मी पहिल्यांदा सूत्रांच्या रांगेत कुणी हातानं ठोकलेला आकडा शोधतो. मग मजकूर होऊन बसलेले आकडे. चौकटीत ‘३० किलो’ लिहिलं की बेरजेचं ‘सम’ (SUM) सूत्र ते गुपचूप वगळतं, कुरकुरसुद्धा करत नाही. कंट्रोल धरून टॅबच्या वरची कळ दाबलीत, तर सूत्रं एक्स्टेन्शनशिवायही उघडी पडतात.