शर्यतीच्या गाड्यांमधलं तंत्रज्ञान आपल्या साध्या गाडीत खरंच येतं का, की नुसती जाहिरात?

येतं, पण शोरूममध्ये सांगतात तसं नाही. डिकीवर चिकटवलेला स्पॉयलर आणि स्टेअरिंगमागचे पॅडल दाखवून कोणी ‘फॉर्म्युला वनचं तंत्रज्ञान’ म्हणालं, तर खुशाल दुर्लक्ष करा. शर्यतीतून खरी आलेली वस्तू बघायची असेल तर पुढच्या चाकाच्या फटीतून आत डोकावा. चकचकीत लोखंडी तबकडी दिसेल. तो डिस्क ब्रेक: ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड या तबकडीला चिमटीत पकडतात.

लहानपणी बाबांच्या जुन्या गाडीतून आम्ही महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरत होतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा आणि त्याला आतून घासणारे लायनर. अर्ध्या घाटात जळका वास सुटला आणि बाबांचा पाय दर वळणाला पेडलवर आणखी खोल जायला लागला. शेवटी कशीबशी गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले आणि अर्धा तास बसून राहिलो. तेव्हा कळलं नव्हतं, पण होतं असं: लायनर घासून झालेली उष्णता ड्रमच्या आतच कोंडते. ड्रम तापला की फुगून लायनरपासून लांब जातो, शिवाय तापलेल्या लायनरची पकडही सुटते. डिस्क उघड्यावर फिरते, तिला वारा लागतो. आणि तापून फुगली तरी ती पॅडच्या दिशेनेच फुगते.

आता हाच घाट २४ तास चालू आहे असं समजा. फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत १९५०च्या दशकात सुमारे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला काटकोनी वळण. दर फेरीला भन्नाट वेगावरून एकदम कमी वेगावर यायचं, रात्रंदिवस. ड्रमवाल्यांना ब्रेक जपून, लवकर दाबावे लागत. १९५३ साली जॅग्वारने सी-टाइप गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून आणले. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीने शर्यत जिंकली. दुसरा आणि चौथा क्रमांकही जॅग्वारचाच. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, सिट्रोएनची डीएस पुढच्या चाकांना डिस्क घेऊन रस्त्यावर आली.

गंमत म्हणजे डिस्कचा शोध काही शर्यतीतला नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअरने तिचं पेटंट १९०२ सालीच घेतलं होतं, विमानांनाही ती बसवत असत. ले मान्सने फक्त सगळ्यांदेखत तिचा जीव काढून बघितला. माझ्या मते शर्यतीचं काम बहुतेक वेळा एवढंच असतं. दोन क्लचच्या, म्हणजे पुढचा गिअर आधीच तयार ठेवणाऱ्या गिअरबॉक्सचंही तसंच: पोर्शने १९८०च्या दशकात शर्यतीत वापरला, पण सर्वसाधारण गाडीत, म्हणजे फोक्सवॅगन गोल्फमध्ये, तो २००३ साली आला.

उलटा प्रवासही होतो, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. रेनोने फॉर्म्युला वनमध्ये टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, आणला १९७७ साली. अमेरिकेत टर्बोची गाडी १९६२ पासून शोरूममध्ये मिळत होती. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं तंत्र, तर विमानांकडून आलं, आणि फॉर्म्युला वनमध्ये त्यावर १९९४ पासून बंदी आहे, कारण तिथे ब्रेक मारण्याचं कसब ड्रायव्हरचं असावं लागतं. भारतात मात्र २०१९ पासून नव्या गाडीला ते सक्तीचं आहे. म्हणजे या एका बाबतीत तुमची हॅचबॅक पुढे आहे!

तेवढं वाकलाच आहात तर मागच्या चाकातही डोकावून बघा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना तिथे अजून ड्रमच असतो. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, त्यामुळे मागे काम कमी पडतं. ड्रम स्वस्त पडतो आणि हँडब्रेकही त्यात सहज बसतो. पण तापणं कुठल्याच ब्रेकला चुकत नाही, म्हणून पुढे डिस्क असली तरी मी आंबेनळी दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो, म्हणजे गाडी इंजिनच आवरून धरतं.