भीती नेमकी किती दिसते?

‘बैठकीत बोलायला उभा राहिलो की माझी भीती सगळ्यांना दिसते’ ही तक्रार नोकरदार मंडळींकडून मी वारंवार ऐकते. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळणारे एक गृहस्थ हीच तक्रार घेऊन आले होते (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). शॉपफ्लोअरवर यंत्रासमोर उभे राहून तासभर समजावून सांगणारा हा माणूस मासिक आढावा बैठकीत प्लांट हेडसमोर रिजेक्शनचे, म्हणजे सदोष म्हणून नाकारलेल्या मालाचे, आकडे मांडताना मात्र घामाघूम होत असे, आणि आदल्या दोन रात्री त्यांना झोप लागत नसे.

‘घाबरू नका’ असे त्यांना घरी-दारी सर्वांनी सांगून झाले होते. त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. म्हणून मी विचारले, “भीती लपवण्यासाठी तुम्ही काय काय करता?” यादी लांबली. ते सगळे पाठ करत, स्लाइडवरचा शब्द न् शब्द वाचत, हाताचा कंप दिसू नये म्हणून टेबलाची कड घट्ट धरत आणि कोणी प्रश्न विचारण्याआधी संपावे म्हणून भरभर बोलत.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी सामाजिक भयाविषयी, म्हणजे लोक आपल्याला काय म्हणतील या तीव्र भीतीविषयी, १९९५ मध्ये जी मांडणी केली, तिच्यात अशा युक्त्यांना मध्यवर्ती स्थान आहे. त्या आधार वाटतात खऱ्या. पण त्यांच्यामुळे सारे लक्ष स्वतःवरच खिळून राहते, आणि त्या केल्या नसत्या तरी काही बिघडले नसते हे कळण्याची संधीच माणसाला मिळत नाही.

आम्ही एकच सादरीकरण दोनदा मोबाइलवर चित्रित केले : एकदा या युक्त्यांसह, एकदा त्या सोडून. चित्रफीत पाहण्यापूर्वी, आपला कंप किती दिसेल याला त्यांनी १० पैकी ९ गुण दिले होते. दुसरी चित्रफीत परक्या माणसाची असल्यासारखी पाहिल्यावर ते म्हणाले, “मॅडम, तीन. तेही शोधले तर.” पहिलीत त्यांना खटकले ते वेगळेच : वाचन, पाठ केलेला सूर, श्रोत्यांकडे न पाहणे. म्हणजे भीतीपेक्षा तिच्यावर घातलेले पांघरूणच अधिक दिसत होते.

केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ मधील प्रयोगांतही वक्त्यांना आपली अस्वस्थता श्रोत्यांना दिसते त्याहून अधिक उघड वाटत होती. आणि हा भ्रम आधी समजावून सांगितलेल्या वक्त्यांची भाषणे अधिक चांगली झाली.

त्यानंतर स्लाइडची कामे उरली, ती फार अवघड नव्हती. बावीसच्या सात झाल्या, आणि पहिल्याच स्लाइडवर रिजेक्शन का वाढले व कोणता निर्णय हवा हे आले. पुढच्या बैठकीत हात कापलेच. एका आकड्यावर प्लांट हेडनी अडवले, तेव्हा पूर्वीसारखी घाईने सारवासारव न करता ते म्हणाले, “थांबा, बघून सांगतो,” आणि पाणी पिऊन त्यांनी कागद उलटला. बैठकीच्या आदली रात्र अजून कठीण जाते. सध्या आम्ही त्यावर काम करत आहोत.