दोन टक्के कशाला द्यायचे?

प्रश्न : माझ्याकडे १०,००० कॅनेडियन डॉलर आहेत. त्यांचे अमेरिकी डॉलर करायचेत, पण बँकेचा दर फारच महाग वाटतो. ब्रोकरेज खात्यातून काही जमेल का?

उत्तर : जमेल, आणि जरूर करा. बँक शुल्क वेगळं दाखवत नाही, दरातच मुरवते. मी पहिल्यांदा पैसे बदलले, तेव्हा पावतीशेजारी बाजारभाव मांडून बघितला. जवळजवळ दोन टक्के गेले होते. तुमच्या रकमेवर ते २०० डॉलर होतात!

टोरांटोच्या शेअर बाजारात ‘डीएलआर’ हा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड आहे. त्याच्या पोटात अमेरिकी डॉलरच असतात. तो कॅनेडियन डॉलर देऊन घ्यायचा, ब्रोकरकडून युनिट ‘डीएलआर.यू’मध्ये, म्हणजे त्याच फंडाच्या अमेरिकी डॉलरमधल्या रूपात, वळवून घ्यायचे (याला ‘जर्नल’ करणं म्हणतात) आणि अमेरिकी डॉलरमध्ये विकायचे. खर्च म्हणजे असलंच तर दोन वेळचं कमिशन आणि खरेदी-विक्रीच्या भावातला किरकोळ फरक. ऑर्डर मात्र लिमिटचीच, म्हणजे आपला भाव आधी ठरवूनच टाका.

वळवायला काही ब्रोकर दोन-चार दिवस लावतात. त्या काळात कॅनेडियन डॉलर घसरेल, ही भीती मलाही होती. पण खरेदी झाली त्याच क्षणी तुमचा दर जवळपास पक्का होतो. पैसे उद्याच हवे असतील किंवा रक्कम दोन-तीनशेच असेल, तर मात्र हा खटाटोप नको.