'टाइट एंड'ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी आहे की, अमेरिकन फुटबॉलपटू टोनी गोन्झालेझ यांच्या कारकिर्दीवरील मराठी लेखात त्यांची मैदानावरील जागा 'घट्ट शेवट' अशी लिहिलेली आढळली. ते योग्य आहे का, आणि नसेल तर पर्याय कोणता?

'घट्ट शेवट' योग्य नाही, कारण त्यात दोन्ही शब्दांचे चुकीचे अर्थ उचलले गेले आहेत. या खेळात डाव सुरू होताना चेंडू ताब्यात असलेल्या संघाचे किमान सात खेळाडू एका ओळीत उभे असतात. पुढे फेकलेला पास झेलण्याची मुभा त्यांपैकी ओळीच्या दोन टोकांवरील खेळाडूंनाच असते. मधल्यांना सहसा ती नसते. 'एंड' म्हणजे हे टोक, ओळीची कड. कडेचा जो खेळाडू ओळीतील इतरांपासून अंतर राखून उभा राहतो तो 'स्प्लिट एंड' आणि जो शेजारच्या टॅकलला, म्हणजे ओळीतील अडवणाऱ्या खेळाडूला, लागून उभा राहतो तो 'टाइट एंड'. येथे 'टाइट' हा शब्द 'सैल'च्या नव्हे, तर 'सुटा'च्या विरुद्ध योजलेला आहे, म्हणून 'लगतचा' हा मराठी शब्द त्याला सर्वांत जवळचा आहे.

मग 'लगतचा कडेवाला' असे म्हणावे का? अर्थ बरोबर बसतो, तरी मी ते सुचवणार नाही. कबड्डीतील 'कोपरारक्षक' हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात जागा आणि काम दोन्ही आले आहे. 'यष्टीरक्षक' रुजला तोही काम सांगतो म्हणून. 'थर्ड मॅन'ला मात्र कोणी 'तिसरा माणूस' म्हटले नाही. टाइट एंडची अडचण अशी की त्याचे नाव केवळ जागा सांगते आणि काम तर दुहेरी आहे: टॅकलच्या खांद्याला खांदा लावून प्रतिस्पर्ध्यांना अडवायचे आणि संधी मिळताच पुढे धावून पास झेलायचा. पूर्वी अडवण्यावरच भर असे. शिकागो बेअर्स संघाच्या माइक डिटका यांनी 1961 मध्ये, पहिल्याच हंगामात, 56 पास झेलून 1,076 यार्ड मिळवले, तेव्हा या जागेकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली.

गोन्झालेझ यांनी ती पुरतीच बदलली. बर्कलीच्या विद्यापीठात ते फुटबॉलबरोबर बास्केटबॉलही खेळत, आणि गर्दीत उंच उडी मारून चेंडू हस्तगत करण्याचे कसब तेथून आले असावे, असे मला वाटते. 1997 मध्ये व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या 'ड्राफ्ट'मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स संघाने त्यांना पहिल्या फेरीत निवडले. 2009 पासून ते अटलांटा फाल्कन्सकडून खेळले आणि 2013 च्या हंगामानंतर निवृत्त झाले. सतरा हंगामांत त्यांचे केवळ दोन सामने हुकले, हे अंगावर इतके आघात झेलणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत मला त्यांच्या विक्रमांहूनही मोठे वाटते. त्यांनी 1,325 पास झेलले. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या पुढे एकटे जेरी राइस होते.

येथे आणखी एक सूचना करावीशी वाटते. '1,325 झेल' असे लिहू नये. 'झेल' या नामाला मराठीत क्रिकेटचा अर्थ इतका चिकटला आहे की वाचकाला फलंदाज बाद झाल्याचाच भास होतो. 'पास झेलले' या क्रियापदात ती अडचण येत नाही. 'करिअर'ऐवजी 'कारकीर्द' लिहिले आहे ते मात्र उत्तम: राज्यकर्त्याच्या अमलाचा काळ सांगणारा हा फारसी वळणाचा शब्द खेळाडूंसाठी आता पूर्ण रुळला आहे.

तेव्हा मूळ नाव 'टाइट एंड' असेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात 'फळीच्या कडेला, टॅकलच्या लगत उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू' असा खुलासा करावा. पुढे 'टाइट एंडने', 'टाइट एंडचा' अशी रूपे सहज चालतात, आणि अनेकवचनही 'टाइट एंड' असेच राहते.